मणकेबाईंच्या आईची पाठ

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना होता. खालच्या इस्त्र्यांमुळे खोलीची फरशी कायम कोमट असायची आणि पेशंटचं निम्मं दुखणं चपला काढल्या काढल्याच पळायचं. श्रेय अर्थात ती स्वतः घ्यायची. दारावर 'ऑस्टिओपॅथी' अशी पाटी होती. तो शब्द एका दमात म्हणणारा माणूस त्या रस्त्यावर अजून जन्माला यायचा होता, म्हणून लोकांनी तिचं नाव मणकेबाई ठेवलं आणि विषय संपवला.

काम सांगायला सोपं. पाठ, मान, सांधे हातांनी चाचपायचे, कुठे काय आखडलंय ते हुडकायचं आणि दाबून, ताणून, हलवून मोकळं करायचं. गोळी नाही, सुई नाही. तोंडाचा पट्टा मात्र फुकट.

एकदा एक जोडपं दोन महिन्यांचं बाळ घेऊन आलं. बाळ रडतं, त्याचं काहीतरी सरकलंय, असं त्यांचं ठाम मत. बाळ तिच्या मांडीवर बोळकं पसरून हसत होतं. "मुलांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?" तिने विचारलं. डॉक्टरांनी बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. "मग सरकलंय ते तुमचं," ती म्हणाली आणि बापाला टेबलावर पालथं घातलं. त्याचे खांदे कानाला टेकले होते. बाळ पडेल या धास्तीने त्याने दोन महिने श्वासच सोडला नव्हता.

आठव्या महिन्यातली एक बाई यायची, गाडी चालवायला शिकवणारी. "आता पोटानेच स्टीअरिंग फिरवते," असं तिचं म्हणणं. मणकेबाई तिला कुशीवर निजवून, गुडघ्यांत उशी देऊन कंबर हलक्या हाताने सैल करायची. नवरा बाहेर मोबाइल चाळत बसलेला. त्याला तिने आत बोलावलं. "आजपासून हिच्या बुटांची नाडी तुम्ही बांधायची. वाका!" तो वाकला आणि त्याचीच कंबर धरली. त्या दिवशी एकाऐवजी दोन पेशंट झाले.

आणि ऐंशीचे घड्याळवाले आजोबा. जन्मभर घड्याळांत नाक खुपसून त्यांची मान पुढेच राहिली होती. "सरळ होईल का हो?" त्यांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "पण रस्ता ओलांडताना डावीकडे बघता येईल. चालेल?" आजोबांना चाललं.

सगळ्या गल्लीची पाठ तिच्या हाताखालून गेली होती. एक सोडून. तिच्या आईची.

आई मुलींच्या शाळेत पीटीची बाई होती. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून मैदानावरचा. दुखणं म्हणजे आळसाचं टोपणनाव, हे तिचं तत्त्वज्ञान. लेकीच्या धंद्याला ती 'चेपाचेपी' म्हणायची. "एवढं शिकून शेवटी लोकांचे पाय चेपतेस."

"पाठ, आई. पाठ."

"तेच ते. कणकेचा गोळा काय आणि माणूस काय!"

एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. मणकेबाईला पावलांवरून पेशंट ओळखायची खोड होती. दोन पायऱ्या, थांबा, एक पायरी, थांबा. तिला वाटलं, घड्याळवाले आजोबाच. दार उघडलं तर आई. पांढरीफटक, कठडा घट्ट धरलेली.

"चेपून टाक पटकन. घरी कुकर लावायचाय."

चौकशीअंती कळलं, चार दिवसांपूर्वी पडदा लावताना आई स्टुलावरून थेट बुडावर आदळली होती. चार दिवस कोणाला पत्ता नाही, कारण पीटीची बाई पडत नसते.

मणकेबाईने तिला बसवलं आणि पाठीवरून बोटं अलगद उतरवत नेली. मधल्या एका मणक्यावर बोट टेकताच आईने जोरात श्वास ओढला. ओरडली नाही. लेकीने हात काढून घेतला.

"मी हात लावणार नाही. चल, आधी फोटो काढू."

"अख्ख्या गावाच्या पाठी चेपल्यास आणि आईची वेळ आली तर हात आखडतेस?"

"आई, गप्प बस आणि चल." हे वाक्य त्या घरात आजवर फक्त उलट दिशेने गेलं होतं. आई इतकी चकित झाली की खरंच उठली.

एक्स-रेत दिसलं. हाडं ठिसूळ झाली होती आणि एक मणका चेपला होता. हाडांच्या डॉक्टरांनी औषधं दिली, पट्टा दिला, वजन उचलायची बंदी केली. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "म्हणजे चेपायचं काम मी स्वतःच उरकलं. तू काहीच केलं नाहीस."

लेक हसली, मग रिक्षात बसल्यावर तिने एक्स-रे तीनदा पाकिटातून काढून उजेडाला धरला. आईने ते पाहिलं आणि पट्ट्याच्या बंदांशी उगाच खटपट करत राहिली.

तीन महिन्यांनी हाड जुळलं आणि डॉक्टरांनी हलक्या कामाला परवानगी दिली. तेव्हा कुठे आई टेबलावर कुशीवर आडवी झाली. ही पाठ लेकीने मैदानावरून पाहिली होती, दोनशे मुलींच्या पुढे ताठ उभी. हाताखाली ती अगदी एवढीशी होती. मणक्याच्या वाटेला न जाता तिने फासळ्या, खांदे, कंबर यांवर नुसते हात ठेवले, सावकाश हलवले आणि आईला खोल श्वास घ्यायला लावला. सातव्या मिनिटाला आई घोरायला लागली.

"घोरत नव्हते," उठल्यावर ती म्हणाली. "श्वास घ्यायला तूच सांगितलंस."

मग तिने पट्टा आवळत विचारलं, "त्या दिवशी चेपलं असतंस तर?"

"आणखी मोडलं असतं, कदाचित."

आईने चपला घातल्या. खाली उतरताना लाँड्रीवालीला तिने ऐकवलं, "माझ्या लेकीला कुठे हात लावू नये तेसुद्धा कळतं. तुझ्या इस्त्रीवाल्याला कळतं का? माझे दोन ब्लाउज जाळलेत त्याने."

आता ती दर गुरुवारी येते. हात न टेकता खुर्चीतून उठायचा सराव घड्याळवाले आजोबा आणि ती एकदमच करतात, आणि आकडे अर्थातच ती मोजते. आजोबा दहा म्हणतात, ती सात. दर वेळी भांडण. मणकेबाईने परवा दोघांना बाहेर काढून दार लावून घेतलं, तर ती दोघं जिन्यात भांडत बसली.