खाडीपलीकडचा कोळीवाडा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी पनवेलच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेजातले माझे जुने सर मुंबईहून आले. शहरांची रचना गणितानं मांडायचं काम त्यांनी घेतलं होतं.

"दोन गावांच्या लोकसंख्यांचा गुणाकार करायचा आणि अंतराच्या वर्गानं भागायचं," ते म्हणाले. "कुठून कुठं किती माणसं जातील ते कळतं. मग दवाखाना कुठं काढायचा हे पुढारी नाही, गणित ठरवेल."

मला ते मनापासून पटलं.

महिनाभर मी सरांच्या कामासाठी बाजाराच्या नाक्यावर छत्री घेऊन बसले. येईल त्याला गाव विचारायचं, वहीत लिहायचं. घरी येईपर्यंत पाय सुजलेले असत. तरी आकडेमोड करायचीच. तळोजा, ओवे, एकेक गाव सूत्रात बसत गेलं. खाडीपलीकडचा एक कोळीवाडा तेवढा बसेना. नकाशावर तो अगदी जवळ होता, पण तिथून माणसं यायची मोजकीच. माझंच चुकलं असेल म्हणून मी तीनदा हिशेब केला.

शेवटी तिथल्याच एका मासळीवालीला विचारलं, "मावशी, तुमचं गाव इथून किती लांब?"

"ते पाण्यावर हाय, बाय," ती म्हणाली. "भरती असली का होडीनं लगेच येतो. ओहोटीला होडी चिखलात रुतते. मग वळसा मारून चालत यायचं, दुपार होते. पावसात तर आमी येतच नाय."

मी ते सगळं सरांना लिहून दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि चष्मा पुसला.

"खरं आहे तुझं. पण सूत्रात अंतराला एकच आकडा लागतो. ते गाव वगळ."

वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी वगळलं. आलेख सुरेख आला.

दोन वर्षांनी सरांच्या अहवालाप्रमाणे दवाखाना झाला, खाडीपासून लांब, हमरस्त्यावर. त्यानंतर एकदा बाजारात ती मासळीवाली भेटली. सून बाळंतपणात अडली होती, होडी ओहोटीत अडकली आणि मूल गेलं, असं तिनं सांगितलं. मला दोष द्यायला नव्हे, विचारपूस केली म्हणून सांगितलं. मला तिच्याकडे बघवेना.

पुढच्या सुट्टीत मी भरती-ओहोटीच्या वेळांनुसार त्या गावाच्या अंतराचा तक्ता केला आणि सरांना पाठवला. उत्तर आलं: काम उत्तम आहे, पण अहवाल केव्हाच छापून झाला.

सोमवारी शाळा उघडली. मी फळ्यावर त्रैराशिक घातलं आणि खुर्चीत बसून राहिले.