हिंदीतली कॅसेट की खालच्या अक्षरांची

१९९३ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा. अंबरनाथ पश्चिमेला चाळीत खोली, कारखान्यात नोकरी, शाळा तिसरीपर्यंत. पोरगी इंग्रजी शाळेत, आठवीत. तिच्या बाईंनी दोनदा निरोप धाडला होता, मुलीला ऐकू कमी येतं, कान दाखवून घ्या. मी म्हटलं, माझ्या पोरीत खोट नाही. लक्ष नसतं तिचं, बस.

तिला जपानी कार्टूनचं वेड. एका सुट्टीच्या दिवशी व्हीसीआर भाड्याने आणला आणि कॅसेटसाठी उल्हासनगरला कॅम्प चारच्या बाजारात गेलो. सिंधी दुकानदाराने एकाच पिक्चरच्या दोन कॅसेटी पुढे ठेवल्या.

"भाऊ, ये हिंदी में है. और ये असली, जपानी बोलते हैं, नीचे अंग्रेजी में लिखा आता है. कौनसी दूँ?"

मला काय ठाऊक? पण तसं सांगतो कोण. "दोन्ही द्या."

दुपारी बायको आणि शेजारच्या दोन बाया येऊन बसल्या. ज्याच्या घरी मशीन त्याची पसंती, हा आमच्या चाळीचा कायदा. मी हिंदी लावली. बाया हसत होत्या, पोरगी पडद्याजवळ सरकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, ती दुसरी लावा ना. अक्षरांची."

"हिंदीला काय झालं? सगळ्यांना कळतंय."

"मला नाही कळत. यांची तोंडं भलतंच बोलतात."

मला वाटलं, शिक्षणाचा तोरा. आवाज वाढवला. शेजारीण म्हणाली, "भावजी, स्टेशनातल्या लोकांना पण ऐकवताय का?"

शेवटी चिडून दुसरी लावली. तर पोरगी बोलायलाच लागली. खालचं इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची, बाया आ करून ऐकायच्या. मी पाठीमागून हाक मारली. वळली नाही. मोठ्याने मारली, तरी नाही.

पडद्यावर एक बाई रडत होती. हिंदीत तेच रडणं मला खोटं वाटलं होतं. इथे एक शब्द न कळता ते खरं वाटलं. मग खरी कॅसेट कुठली? काही सुधरेना.

स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बायकोला गाठलं. "हिला ऐकू येत नाही?"

"वर्ष झालं. समोरच्याचं तोंड बघून समजून घेते. माझं कळतं तिला. तुमचं नाही कळत. मिशीत बोलता तुम्ही."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं की. तुम्ही कुणाचं ऐकता?"

मिशी माझी बापाच्या वळणाची, वरचा ओठ पुरा झाकणारी. तिच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं आजवर.

कॅसेट संपल्यावर पोरीने विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठली आवडली?" मी काहीतरी बोललो, काय, ते मलाच आठवत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग कळल्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनमध्ये जाऊन बसलो आणि मिशी काढ म्हटलं. न्हाव्याने दोनदा विचारून घेतलं. घरी आलो, पोरीच्या समोर उभा राहिलो आणि सावकाश म्हणालो, "चप्पल घाल. कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."