वाटेचा कौल

भाड्याच्या खोलीत पाण्याच्या पाळीवरून रोज कुणाचं ना कुणाचं ऐकून घ्यायचं, यातच माझी उमेदीची वर्षं गेली. आमचे हे अंबडच्या कचेरीत कारकून. निजामाच्या अमलात उर्दू लिहिणाऱ्या माणसाला मान होता, पण डोक्यावर स्वतःचं छप्पर नव्हतं. देवीला मी रोज हात जोडायची, तरी मनात येई, हिला माझं ऐकू येतं की नाही कोण जाणे. अशात घनसावंगीच्या वाटेवर, अंबडपासून अडीच कोसांवरच्या एका गावात घर विकायला निघालं. ऐसपैस अंगण, अंगणात गोड्या पाण्याची विहीर, आणि भिंतीला लागून देवीचं देऊळ. घर पाहिलं आणि माझा जीव तिथेच अडकला. खोलीवर परत येऊन भाकरी थापत होते, पण मन त्या अंगणात होतं.

ह्यांनी एकदाच विचारलं, रोजचं जाणं-येणं कसं जमायचं? मी म्हटलं, पाय आहेत की. माझं मन मोडणं त्यांना कधी जमलंच नाही. मी त्याच देवळात देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. घर लाभेल का, पाणी टिकेल का, एवढं मी विचारलं आणि उजवं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार. मग कुणाचं काय ऐकायचं? दसऱ्याला इसाराचे पैसे देऊन सौदा पक्का करायचा ठरला. घराचा मालक भला माणूस. नवरात्रात देवीपाशी राहता यावं म्हणून त्याने घर आधीच मोकळं करून दिलं. मी तिथे उपास करायची, आणि हे तिथूनच कचेरीत जायचे.

सुरुवातीला मी हरखून गेले होते. पाणी शेंदायचं, देवीला न्हाऊ घालायचं, अंगण सारवायचं. पण सांज झाली की हात थांबत आणि मी दारात येऊन उभी राही. पहाटे अंधारात गेलेला माणूस अंधारातच परत येई. परतीचा पाऊस पडून गेलेला. काळी माती वहाणांना चिकटून एकेक पाय मणाचा होई. आले की हे भिंतीला टेकत, आणि मी ताट वाढून आणेपर्यंत त्यांचा डोळा लागलेला असे. उठवायचं जिवावर येई. ताट झाकून मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. हौसेच्या घरात माझाच माणूस मला भेटेना.

सहाव्या माळेला दिवेलागण होऊन गेली तरी हे आले नाहीत. वाटेतल्या ओढ्याला पाणी आल्याचं कुणीतरी सांगितलं. मी देवळाच्या पायरीवर बसून रडत होते. गावाबाहेर मेंढरं घेऊन उतरलेली एक म्हातारी धनगरीण दर्शनाला आली, ती माझ्याजवळ टेकली. तिला मी सगळं सांगितलं, कौलाचंही. तिने पहिल्यांदा आपल्या थोरल्या लेकाला कंदील आणि काठी देऊन ओढ्याकडे धाडलं. मग म्हणाली,

"फूल खोटं न्हाई पडलं, बाई. घर चांगलंच हाय. पण तू घराचं इचारलंस, वाटेचं कुठं इचारलंस? आमी बिऱ्हाड हलवताना आधी वाट बघून येतो, मंग जागा."

तिच्या लेकाचा हात धरून हे आले, कमरेपर्यंत भिजलेले. मी त्यांचे पाय धुतले आणि म्हटलं, हे घर नको.

"तुला तर लई आवडलंय," हे म्हणाले.

"आवडलंय. पण मला तुम्ही जेवताना दिसायला पाहिजेत."

सकाळी मी देवीसमोर गेले. काही विचारलं नाही. तिच्या शेजारी राहायची माझी आस तिच्याच पायाशी ठेवली आणि रडून मोकळी झाले. बाहेर येऊन पाहिलं तर मेंढरं पुढच्या वाटेला लागली होती. त्या म्हातारीचं नावही विचारायचं राहिलं. ती कोण होती, याचा कीस मी काढत बसले नाही.

मग आम्ही कचेरीमागे दोन खणांचं घर घेतलं. अंगण नाही, पाणी दुरून आणावं लागतं. त्या देवळाची ओढ अजून सुटलेली नाही. घंटेवाचून सांज सुनी वाटते आणि कधी कधी डोळे भरून येतात. आपलं मागणं धरून ठेवण्यापेक्षा देवीवर सोडणं किती अवघड, ते मला तेव्हा कळलं, आणि अजूनही रोज नव्याने शिकावं लागतं. पण उन्हं भिंतीवर असतानाच दाराची कडी वाजते. हे हातपाय धुऊन पाटावर बसतात, आणि मी गरम भाकरी वाढते.