कानबाईचे रोट

पिंप्राळ्यातल्या कुंदाबाई पाटील म्हणजे सढळ हाताची बाई. शेजारी पाहुणा आला की त्यांच्याकडून झाकलेली वाटी गेलीच समजा. पण एकदा त्यांनी एका लेकराच्या पुढ्यातलं ताट उचललं होतं. ते आठवलं की आजही त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

श्रावणातले कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याच्या तोंडी लागू द्यायचे नाहीत, ही खानदेशातली रीत. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे पंगत बसली होती. भाऊबंद म्हणून बोलावलेल्या वना पाटलाची चिमुकली मयुरी रोटाचा तुकडा मोडणार, तोच कुंदाबाईंचे यजमान नवलआबा त्यांच्या कानाशी लागले, "चोपड्याकडे पाटलांना काय तोटा? या वनाचा आजा तिकडून घरजावई आलेला. आपल्या कुळातला नाही हा. उचल ते."

कुंदाबाईंनी उचललं. वना आणि त्याची बायको भागाबाई पोरीला घेऊन निघून गेले.

भाऊबंदांत यावरून कुजबुज कायम राहिली. यंदा पुण्याहून आलेली लेक नूतन वैतागून म्हणाली, "आबा, पाटील हे वतनाचं नाव. त्यावरून कूळ कसं कळेल? डीएनए तपासा." वना हसतहसत नळीत थुंकला, आबा तावातावाने. निकाल आला, बापाच्या बाजूने दोघांचा वंश एकच.

"झालं तर मग!" आबा कुंदाबाईंना म्हणाले. "रविवारी रोट आहेत. सांगून ये त्यांना."

"मी?"

"मग काय, मी जाऊ?"

भागाबाईने दारातच हसून म्हटलं, "या अक्का, बठा." चहा दिला. कुंदाबाईंनी खाली बघत तपासणीचं सांगितलं.

"आमले पहिलेपासून माहीत व्हतं," भागाबाई म्हणाली. "मशीनले आते समजनं."

"आबांनी बोलावलंय. सगळ्यांनी या."

'आबांनी' हा शब्द कुंदाबाईंना स्वतःलाच खटकला. उचलणारे हात तर त्यांचे होते.

"येसूत. पन मयुरी येवाव नही. ती कोनाच पंगतमा बसत नही. तिले वाटस, तिनंच काही चुकनं."

कुंदाबाईंनी बशी खाली ठेवली. ही गोष्ट त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. इतकी वर्षं त्या स्वतःच्याच लाजेत गुंतल्या होत्या.

तेवढ्यात दप्तर घेऊन मयुरी आत आली. आता चांगली उंच झालेली. कुंदाबाईंना पाहून उंबऱ्यातच थबकली.

"बेटा, तुझं काही चुकलं नव्हतं," कुंदाबाई कशाबशा म्हणाल्या. "ताट मी उचललं होतं."

"माहीत आहे. तुमच्या हिरव्या बांगड्या दिसल्या होत्या." ती जरा थांबली. "मला वाटलं, माझे हात धुतलेले नव्हते."

"स्वच्छ होते गं."

"मग का उचललं?"

आबांनी सांगितलं म्हणून, हे उत्तर कुंदाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "चूक माझी होती," त्या म्हणाल्या.