शून्याचं घर

ऑफिसात तिला सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणायचे. लिफ्ट तिसऱ्याच मजल्यावर का अडते, पंखा थांबताना का कुरकुरतो, बाईंना सगळं कळलंच पाहिजे! नवरा हात जोडायचा, “अगं, आता तरी जेवू दे.”

रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं छापणारं मशीन तिच्या कंपनीचं. हॉस्पिटलातून तक्रार आली, की एका पेशंटच्या नावापुढे यादीतल्या शेजारच्या पेशंटचा रक्तगट छापला गेला. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. खापर मात्र नावं टाइप करणाऱ्या सिस्टरवर फुटलं. हॉस्पिटलने त्यांना बजावलं, शुक्रवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा.

“सिस्टर कबूल करतायत ना? मग तुला कशाला नसत्या उठाठेवी?” साहेब म्हणाले.

“पण शेजाऱ्याचाच रक्तगट कसा?” असं म्हणत ती हॉस्पिटलात गेलीसुद्धा.

सिस्टर रडवेल्या झाल्या होत्या. “मला टाइप केल्याचं आठवत नाही हो. पण छापलंय, म्हणजे केलंच असेल.” अशीच आणखी दोन लेबलं त्यांनी घाबरून ड्रॉवरमध्ये लपवली होती. हिने तिन्ही नावांची इंग्रजी अक्षरं बोटांवर मोजली, मधली मोकळी जागा धरून. सोळा, चोवीस, पुन्हा सोळा. अरेच्चा! सगळी आठाच्या पाढ्यातली!

नाव कुठे संपलं हे मशीनला कळावं म्हणून शेवटी एक शून्य ठेवावं लागतं. नावापुरतीच जागा मागितली तर ते बसणार कुठे? मेमरी मिळायची आठ-आठ घरांनी, एका घरात एक अक्षर. एरवी एखादं घर उरायचं, त्यात शून्य फुकटात राहायचं. नावाने सगळी घरं भरली की ते शेजारच्या घरात जायचं, तिथला मजकूर आला की पुसलं जायचं. मग मशीन न थांबता शेजाऱ्याचंही वाचत सुटायचं.

तिने प्रोग्राम उघडला. जागा मागणाऱ्या ओळीत ‘अधिक एक’ लिहायचंच राहून गेलं होतं. वर तारीख नऊ वर्षांपूर्वीची, आणि लिहिणाऱ्याची आद्याक्षरं तिचीच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दुरुस्त केलंस ना? मग गप्प बस,” साहेब फोनवर म्हणाले.

तिने खुलासा लिहिला, खाली स्वतःची सही केली आणि सिस्टरना वाचून दाखवला. चूक टायपिंगची नाही, माझी आहे. आता चांगल्याच शिव्या बसणार, असं तिला वाटलं.

सिस्टर स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिल्या. “आठ दिवस भाजी चिरायलासुद्धा भीती वाटत होती हो,” त्या म्हणाल्या. “वाटायचं, हे हात आता माझं ऐकत नाहीत.”

चौकशी खिडकीने खुलाशाचा कागद त्या तळव्यांवर ठेवला.