आधी ठराव, मग रोडगे

सभेची वेळ झाली होती आणि मागच्या अंगणातल्या गोवऱ्या अजून पेटल्या नव्हत्या.

माझ्या ते लगेच लक्षात आलं, कारण आमच्या कंपनीची वार्षिक सभा दरवर्षी धुरातच भरते. बाभुळगावच्या बाहेर कंपनीची डाळ मिल आहे. पुढे शेडमध्ये सभा आणि मागे अंगणात रोडगे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. आभारप्रदर्शन संपायला आणि रोडगे भाजून व्हायला एकच गाठ पडते, असं आमचं ठरलेलं गणित.

"भाऊसाहेब, मागे सगळं थंड आहे," मी अध्यक्षांना हळूच म्हटलं.

"ते मले दिसून राह्यलं. पन ह्या बाया इकडे काहून बसल्या?"

समोर सतरंजीवर पहिल्याच रांगेत, दरवर्षी रोडग्यांचा कारभार बघणाऱ्या बेबीताई बसल्या होत्या. त्यांच्यामागे कंपनीच्या सगळ्या महिला सभासद. एकीच्याही हाताला पीठ नव्हतं. हातात सभेची नोटीस होती.

मी यवतमाळला कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. सेक्रेटरी म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई फोन उचलते आणि टाइप करते. माझ्या सासूबाईंना अजूनही तसंच वाटतं. खरं काम असं की कंपनीचे मालक वेगळे आणि ती चालवणारे वेगळे असतात. चालवणाऱ्यांनी मालकांना विचारून, सांगून, नियमाने कारभार करावा, यावर मी लक्ष ठेवते. याला कॉर्पोरेट गव्हर्नन्स असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात बराच वेळ सह्या गोळा करण्यात जातो.

ही कंपनी शेतकऱ्यांची, म्हणजे प्रोड्यूसर कंपनी. शेअरहोल्डर सगळे कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारे. इथे ज्याचे शेअर जास्त त्याचं वजन जास्त, असा प्रकार नसतो. एका सभासदाला एक मत. शिवाय सभेला ठरावीक सभासद हजर हवेत, त्याला कोरम म्हणतात. आमचा कोरम बायकांशिवाय भरत नसे. त्यांच्याही नावावर शेती आहे, त्याही मालकच. पण पद्धत अशी पडली होती की त्यांनी येऊन सही करायची आणि मागे रोडग्यांना लागायचं. सभा पुरुषांची, कोरम बायकांचा. मी दरवर्षी भाऊसाहेबांना टोकायची.

"मॅडम, त्याइच्याबिगर रोडगे कोन करन?" ते विचारायचे. विषय संपायचा.

भाऊसाहेबांवर चिडता येत नाही, ही माझी जुनी अडचण. हा माणूस जुन्या लुनावर गावोगाव फिरला, लोकांच्या ओसरीवर बसला, एकेकाला शेअर घ्यायला लावला. मिलचं पहिलं पोतं त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून उतरवलं. सभासदांपैकी कुणाच्या घरी लग्न असो की दुखणं, ते हजर. आता गुडघे बोलतात, मुलगा पुण्यात असतो, आणि मिल उघडायला रोज सकाळी तेच जातात.

त्या वर्षीच्या नोटिशीत एक विषय होता : मिल बाहेरच्या पार्टीला दीर्घ मुदतीने चालवायला देणे. नोटीस गेली आणि मला बेबीताईंचा फोन आला.

"मॅडम, चालवायले देनं म्हंजे काय?"

मी सांगितलं. मिल कंपनीचीच राहील, पण चालवेल दुसरा. कामावर कुणाला ठेवायचं, तूर कुणाची घ्यायची, तो ठरवेल.

"अन् चुनी कोनाची?"

चुनी म्हणजे डाळ भरडताना निघणारा बारीक चुरा आणि टरफलं. म्हशी-शेळ्यांचं आवडतं खाणं. आमच्याकडे ती सभासदांनाच मिळते, आणि ती न्यायला घरोघरच्या बायकाच येतात. मी करारनाम्याचा मसुदा पाहिला. चुनीचा त्यात उल्लेखच नव्हता. म्हणजे ती चालवणाऱ्याची.

"मंग आमी सभेत बोलू शकतो का?"

"का नाही? भाऊसाहेबांचं एक मत, तुमचंही एक."

मग त्या म्हणाल्या, "पन आमी तं रोडग्यापाशी रायतो ना."

यावर माझ्याकडे कायद्याचं कलम नव्हतं.

तर, सभा सुरू झाली. माझं भाषण नेहमीचंच. शेअरहोल्डरांना त्यांचे हक्क कळावेत म्हणून मी दरवर्षी हॉलंडची गोष्ट सांगते. चारशे वर्षांपूर्वी तिथे मसाल्याच्या व्यापाराची मोठी कंपनी निघाली. लोकांनी पैसे घातले, जहाजं गेली आणि आली, पण संचालक कुणाला काही सांगेनात. तेव्हा एका बड्या शेअरहोल्डरने लेखी तक्रार केली. तोही काही साधुसंत नव्हता, पण प्रश्न बरोबर होता. पुढे कंपनीने नफा वाटला, तोही रोख कमी आणि जायपत्री-मिरी जास्त. लोक आणखी चिडले, पत्रकं छापून जाब विचारू लागले. मालकांनी कारभाऱ्यांना प्रश्न विचारायची रीत तिथून पडली, असं मानतात. ही गोष्ट मी अगदी रंगून सांगते, आणि पुरुष मंडळी तेवढ्यात तंबाखू मळून घेतात.

मग भाऊसाहेबांनी मिलचा ठराव वाचला. वाचून व्हायच्या आधीच सवयीने हात वर जायला लागले.

"थांबा भाऊ," बेबीताई उभ्या राहिल्या. "मिल कोनाले देऊन राह्यले?"

"वणीची पार्टी हाय. ट्रकवाले हायेत. भले लोक हायेत."

"नाव तं सांगा."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. ही पार्टी म्हणजे त्यांचे व्याही होते. संचालकाच्या नातेवाइकाशी व्यवहार असेल तर ते सभेत उघड सांगावं लागतं, हे मी त्यांना मीटिंगमध्ये बजावलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "सगळ्याइले मालूम हाय मॅडम. सारं गाव लग्नात जेवलं."

"माहे व्याही हायेत," शेवटी ते म्हणाले. "त्यात लपवाचं काय? तुमीच सगळे नाचले ना त्या वरातीत!"

शेडमध्ये हशा पिकला. बेबीताईही हसल्या.

"नाचलो ना भाऊ. सोयरीक बेस हाय. पन वरातीत कोनी आमाले मिलचं इचारलं नव्हतं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या मॅडम दरसाली हॉलंडचं सांगतेत. त्या लोकाइले मसाला तरी भेटला. आमाले चुनीबी नाई?"

मला काय वाटलं ते लपवत नाही. फार आनंद झाला. पुढे बसलेले तंबाखू मळत होते, आणि इतकी वर्षं माझं भाषण ऐकलं ते खिडकीपलीकडे कणीक मळणाऱ्या बायकांनी.

पण आनंद बाजूला ठेवून नियम सांगावा लागला. "भाऊसाहेब, या ठरावावर तुम्ही मत द्यायचं नाही. आणि एवढ्या विषयापुरती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या."

ज्याने कंपनी उभी केली त्याला त्याच्याच खुर्चीवरून उठा म्हणायचं. ते उठले. खुर्ची हमीदभाईंना दिली. हमीदभाई गावातले मेकॅनिक, स्वतःची तूर पिकवणारे, आणि मिलच्या मोटरची तब्येत सांभाळणारेही तेच. भाऊसाहेब गुडघे धरत सतरंजीवर बसले. बेबीताईंनी सरकून जागा केली.

"अन् जेवनाचं कसं?" मागून एकाने विचारलं.

"आधी ठराव, मंग रोडगे," बेबीताई मागे न बघता म्हणाल्या.

मग त्या भाऊसाहेबांकडे वळल्या. "खरं सांगा भाऊ. मिल काहून देता?"

भाऊसाहेब सतरंजीचा दोरा ओढू लागले. "थकलो ना बेबी. रोज सकाळी निघाव, शटर उचलाव, पट्टा तुटला तं हमीदले शोधाव. आता नाई होत."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"मंग थकलो म्हना ना," बेबीताई म्हणाल्या. "मिल कायले देता? किल्ली द्या."

"चालवान कोन?"

"आमी. पाळी लावू. रोडगे जळू देत नाई, तं मिल जळू देऊ का?"

हमीदभाईंनी खाकरून घेतलं. "मशीन मैं देख लेता. शटर कोई भी उठाओ. चलो, हात उठाओ, भूख लगी है."

मतं घेतली. मिल बाहेर देण्याच्या बाजूने दोन-चार हात वर आले, तेही आजूबाजूला पाहून खाली गेले. ठराव पडला. भाऊसाहेबांनी नियमाप्रमाणे मत दिलं नाही. फक्त सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि बेबीताईंच्या पुढ्यात ठेवली.

लोक म्हणाले, बेबीताईंना आत्ताच संचालक करा. मी नाही म्हटलं, कारण नोटिशीत तो विषय नव्हता. सगळे माझ्यावर ओरडले. माझ्या पेशात हे चालायचंच. पुढच्या सभेत त्या रीतसर संचालक झाल्या. व्याह्यांचे ट्रक आता आमची डाळ वाहतात. ट्रकच्या त्या ठरावाच्या वेळी भाऊसाहेब स्वतः उभे राहिले, नातं सांगितलं, आणि कुणी न सांगता खुर्ची सोडून सतरंजीवर जाऊन बसले.

पण त्या दिवशी ऑडिटरचा विषय राहिला होता, आणि शेवटचा विषय होईपर्यंत एकही बाई जागची हलायला तयार नव्हती. म्हणून हमीदभाई पाच-सहा पुरुषांना घेऊन मागे गेले. सभा संपली तेव्हा धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले होते.

भाऊसाहेबांनी रोडगा फोडला. वरून कोळसा, आतून कच्ची कणीक.

"हे कोन खाईन?"

"तुमी," बेबीताईंनी त्यांच्या ताटात तुपाची धार सोडली. "सर्वानुमते."

त्यांनी तो संपवला. दुसराही मागितला.

तेव्हापासून मी सभेच्या नोटिशीत तळाला एक ओळ घालते. कायद्यात ती कुठे नाही, पण माझ्या अनुभवात तिच्याइतकं उपयोगाचं कलम दुसरं नाही : जेवण सभेनंतर होईल, आणि स्वयंपाकही.