गोठ्याच्या दारावरचा कम्प्युटर

पिठाच्या गिरणीत पीठ साठतं तसे किस्सेही साठतात. पीठ रोज झाडून काढता येतं, किस्से मात्र कोपऱ्यात तसेच राहतात. मलकापुरातल्या माझ्या गिरणीत साठलेल्यांपैकी निम्मे तरी एकट्या विलासनं पुरवलेत.

विलास म्हणजे गिरणीमागच्या गल्लीतला ऊसवाला शेतकरी. शाळा माझ्यापेक्षा दोन-तीन यत्ता जास्त शिकला, म्हणून मी त्याला इंजिनियर म्हणतो. ह्या गड्यानं घरात कम्प्युटर बनवला. विकत आणला नाही, बनवला. गोठ्याचं जुनं दार टेबलासारखं आडवं टाकलं. त्यावर भोकाभोकांच्या पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांत मुंगळ्यासारख्या काळ्या चिपा, वर रंगीत वायरींचं जंगल आणि पुढं लाल दिव्यांची ओळ. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, दिव्यांवरून आकडा वाचायचा. शिकला कुठं? मोबाईलवर गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघून. मी विचारलं, "तुला इंग्रजी कळतं व्हय रं?" तर म्हणतो, "बोलणं न्हाई कळत आबा, हात कळत्यात."

हे सगळं घराच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, कोचासमोर अगदी मधोमध. शेवटी त्याच्या बायकोनं, सुनंदावैनींनी, निर्वाणीचं सांगितलं. पोरीला, पल्लवीला बघायला पाहुणे यायचेत. त्याआधी यंत्रानं घरच्या उपयोगाचं एक तरी काम करून दाखवावं, नाहीतर भंगारवाला बोलावते. विलासचं तोंड दुभती म्हैस विकल्यासारखं झालं.

* * *

त्याच आठवड्यात हा सांगलीच्या भंगारातून आणखी एक जुनी पेटी घेऊन आला. तिच्या काचेवर हिरवी रेघ दिसते. वायरीतून वीज कशी नाचते ते त्या रेघेवरून कळतं म्हणे. पेटी चालू केली, पण वायर अजून कशालाच जोडली नव्हती, त्यामुळं रेघ सरळ.

तेवढ्यात शेजारची सोनाआक्का ताक मागायला दारात आली. रोज सिरीयल बघणारी बाई. तिनं ती सरळ रेघ बघितली, तांब्या खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं गं सुनंदा?"

विलास घाईघाईनं समजावायला लागला. मी नुसती टोपी काढून हातात घेतली. मग आक्का जी रडायला लागली!

* * *

यंत्राचं पहिलं गणित होतं दोन अधिक तीन. उत्तर यायचं सात. विलासनं जेवण सोडलं. मी गेलो आणि गंभीर तोंड करून सांगितलं, "इंजिनियर, एक वायर मी हलवलीया. कंची ते सांगणार न्हाई."

गडी पेटला. एकेक वायर कागदावरच्या आकृतीशी ताडून बघायला बसला आणि शेवटी सापडली एक, शेजारच्या भोकात गेलेली. ती जागेवर घातली तर दिव्यांवर पाच! तसाच गिरणीत आला आणि दळणाला आलेल्या बायकांसमोर माझा उद्धार केला.

तो गेल्यावर हणमंतानं, मिलिटरीतून रिटायर झालेल्या आमच्या हवालदारानं, विचारलं, "आबा, खरंच हलवलीवती?"

"मी कशाला हात लावतोय? शॉक बसंल म्हणून उंबऱ्यातनंच बोललो."

* * *

ह्या नादात विलासला एक खोड लागली. काहीही मोजायचं तर शून्यापासून. कम्प्युटर तसंच मोजतो म्हणे. हणमंताच्या नातवाच्या बारशाला त्याला पंगत मोजायला लावली. त्यानं पहिल्या माणसाला शून्य धरलं, आतून ताटं मागवली आणि शेवटच्या पाटावर बसलेल्याला, म्हणजे मला, ताटच आलं नाही.

पहिल्या पाटावर हणमंताचे व्याही होते. त्यांना शून्य धरलं होतं एवढंच मी त्यांच्या कानात सांगितलं. ते जिलबी टाकून उठले. मग मी त्यांच्या ताटावर बसलो.

* * *

पाहुण्यांचा रविवार जवळ आला तसं विलासनं ठरवलं, यंत्राला उसाच्या पाण्याचं काम लावायचं. रान घरामागंच. उसात दोन खिळे रोवले आणि त्यांच्या वायरी यंत्रापर्यंत आणल्या. माती कोरडी असली की मोटर चालू, खिळ्यांपाशी ओल आली की बंद. वैनी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. मी आणि हणमंता होतोच.

मोटर चालू झाली. पाणी सरीला लागलं. विलासची मान ताठ. आणि पाणी निम्म्यात पोचायच्या आत मोटर बंद पडली.

खिळ्यांपाशी जाऊन बघतो तर ह्याचीच म्हैस दावं तोडून उसात शिरलेली. दोन्ही खिळ्यांवर मुतून निवांत रवंथ करत उभी.

विलास म्हणाला, "पर यंत्र खरं बोललं. ओल हाय का न्हाई?"

वैनींनी बांधावरनंच फोन लावला आणि भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं.

* * *

रविवारी पाहुणे आले, कोचावर बसले. यंत्रावर चादर टाकली होती, पण विलासला ते बंद करवलं नव्हतं. चादरीतून लाल दिवे लुकलुकत होते. मुलाच्या वडलांनी चादरीचं टोक उचलून बघितलं आणि हसले. म्हणाले, आमच्या पोराचा मोबाईल ह्यापेक्षा लय हुशार हाय, हा निव्वळ रिकामपणाचा उद्योग. पोरानंही हसून घेतलं. विलास पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला.

वैनी म्हणाल्या, "पोहं खावा पाहुणं, गार हुतील." मग त्यांनी ती चादर पूर्ण काढली, घडी केली आणि आत नेऊन ठेवली.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम जाऊन बसलो. फोन आला, मुलगी पसंत आहे. वैनींनी पल्लवीकडं बघितलं. पल्लवीनं मान आडवी हलवली. "आमचं न्हाई जमायचं," वैनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेवढ्यात भंगारवाल्याची हातगाडी दारात. विलास दोन्ही हात पसरून यंत्राच्या पुढं उभा राहिला.

भंगारवाल्यानं विचारलं, "वैनी, काय उचलायचं?"

वैनींनी कोचाकडं बोट केलं.